चॅनल नऊवरचा निरोप

हृषिकेशचं त्या दिवशीचं काम अगदी साधं होतं. ट्रकवाल्यांना एक प्रश्न विचारायचा आणि उत्तर घेऊन यायचं. प्रश्न असा, की गाडीत आता सीबी लागतो का?

सीबी म्हणजे ट्रकवाल्यांचा रेडिओ. बटण दाबून बोलायचं, बटण सोडून ऐकायचं, आणि चार-पाच किलोमीटरच्या आत जो कुणी असेल त्याच्याशी गप्पा. हृषिकेशची कंपनी ट्रकच्या केबिनचे आतले भाग बनवायची. नव्या केबिनमध्ये डोक्यावरच्या फळीत सीबीची जागा ठेवायची, की तिथे डबा ठेवायला कप्पा करायचा, यावर ब्राउनश्वाइगच्या ऑफिसात मीटिंगांवर मीटिंगा झाल्या होत्या. जर्मन माणूस अंदाजपंचे काही ठरवत नाही. तेव्हा कुणीतरी ट्रकमधून जाऊन यावं असं ठरलं, आणि घरी वाट बघणारं कुणी नाही म्हणून हृषिकेशचं नाव पुढे आलं.

घरी खरंच कुणी नव्हतं. शमिका पहिल्या बाळंतपणाला पुण्याला माहेरी गेली होती. तिचं बीपी वाढलं होतं, डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं होतं, आणि हृषिकेशचं तिकीट शनिवारचं होतं. रोज फोनवर ती विचारायची, "वेळेवर पोचशील ना रे?" तो हो म्हणायचा. फोन ठेवल्यावर मात्र त्या दोन खोल्यांत इतकं शांत व्हायचं, की तो उगाचच फ्रिज उघडून बघायचा. जिन्यात शेजारच्या बाई 'हालो' म्हणायच्या, दिवसभरातलं बिनकामाचं बोलणं तेवढंच.

ट्रक ब्रिंकमान नावाच्या साठीला टेकलेल्या ड्रायव्हरचा होता. माल झिंडेलफिंगेनला जायचा होता. २००६ सालचा नोव्हेंबर, सकाळपासून ऊन नाही. गाडी आउटोबानला, म्हणजे हमरस्त्याला, लागल्याबरोबर हृषिकेशने प्रश्न विचारून टाकला.

"हो... पूर्वी लागायचा," ब्रिंकमान म्हणाला. "हांबुर्गपासून म्युनिकपर्यंत चॅनल नऊवर कुणी ना कुणी बोलत असायचं. पुढे ट्रॅफिक तुंबलंय, पोलीस उभे आहेत, कुणाची बायको सोडून गेली, सगळं कळायचं. आता प्रत्येकाकडे मोबाइल. जो तो आपापल्या घरी बोलतो. रस्त्यावर कुणी नसतं."

"म्हणजे कप्पा केलेला बरा."

"कप्पा करा," ब्रिंकमान म्हणाला. कासेलच्या पुढचे डोंगर दिसायला लागले तसा त्याने हात वर करून सीबी बंद केला. का, ते हृषिकेशने विचारलं नाही.

दुपारीच धुकं उतरलं. आधी झाडं गेली, मग पाट्या गेल्या, मग पुढच्या गाडीचे फक्त दोन लाल दिवे राहिले, आणि तेही थांबले. पुढे बहुतेक अपघात झाला असावा. त्या खोलगट जागेत फोनला रेंज नव्हती. इंजिन बंद केल्यावर टपावर थेंब पडल्याचे आवाज यायला लागले. मागचा दिवा लागतोय का ते बघायला ब्रिंकमान टॉर्च घेऊन खाली उतरला, आणि चार पावलांत दिसेनासा झाला.

हृषिकेश एकटाच राहिला. ज्या वस्तूवर आपण एवढा खल केला ती एकदा वापरून तरी बघावी, असं त्याच्या मनात आलं. त्याने सीबी लावला. बराच वेळ नुसती खरखर होती. मग त्या खरखरीच्या तळातून आवाज आला. म्हातारा, थकलेला, सावकाश जर्मन बोलणारा.

"कुणी ऐकतंय का?"

हृषिकेशने माईक काढून बटण दाबलं. "ऐकतोय. तुम्ही कुठे आहात?"

"इथेच. झाडांच्या बाजूला. बराच वेळ झाला थांबून." मग त्यानेच विचारलं, "तू जेवलास का?"

या देशात हृषिकेशला दोन वर्षं झाली होती. लोकांनी त्याला व्हिसा विचारला होता, पत्ता विचारला होता, कचरा कुठल्या डब्यात टाकलास ते विचारलं होतं. जेवलास का, हे कुणी विचारलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले, आणि स्वतःचंच त्याला नवल वाटलं.

मग तो बोलत राहिला. शमिकाबद्दल, तिच्या बीपीबद्दल, शनिवारच्या विमानाबद्दल. बाळाला आपण अजून नावही शोधलेलं नाही, हेही सांगितलं. पलीकडचा मध्येच 'हं... हं...' म्हणायचा. केबिनच्या काचा बंद होत्या, तरी आत ओल्या मातीचा वास यायला लागला होता.

"तू चांगला आहेस," आवाज म्हणाला. "बाकीच्यांना वेळ नसतो. सगळे पुढे जातात..."

तेवढ्यात समोरचे लाल दिवे हलले. ब्रिंकमान दार उघडून वर चढू लागला. बोलणं आवरायला हवं होतं. ऑफिसातून निघताना हृषिकेश सगळ्यांसारखं 'चुस' म्हणायचा, पण वडीलधाऱ्या माणसाशी एवढं बोलल्यावर ते फार कोरडं वाटलं. आणि निघताना 'जातो' म्हणायचं नाही, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. त्यात तिकडे बायकोचे दिवस भरत आलेले. त्याच्या तोंडून घरचंच वाक्य गेलं, फक्त जर्मनमध्ये.

"आल्झो... इश कोमं."

चला, येतो. पण जर्मनमध्ये त्याला निरोप म्हणत नाहीत. तिथे त्याचा अर्थ एकच, मी तुझ्याकडे येतोय.

खरखर थांबली. "खरंच?" आवाज म्हणाला. त्याला रडू येत असावं. "मग मी वाट बघतो."

ब्रिंकमानने झडप घालून सीबी बंद केला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. गाडी हलली, वेग आला, बरंच अंतर मागे पडलं, तरी तो सारखा आरशात बघत होता.

"तुला काय वाटलं, सगळ्यांनी मोबाइलमुळे सीबी काढले?" तो शेवटी म्हणाला. "या पट्ट्यात तो कित्येक वर्षं बोलावतोय."

"कोण?"

"ते विचारायला कोण थांबलंय? आम्ही सगळे एकच उत्तर देतो, वेळ नाही. येतो असं आजवर त्याला कुणी म्हटलेलं नाही..." त्याने ओठ पुसले. "तू शब्द दिलास. तो परत घे."

"पण आपण तर केवढे लांब आलो! आता रेंजमध्ये असेल का तो?"

"लाव आणि बघ."

हृषिकेशने सीबी लावला. खरखर नव्हतीच. आवाज अगदी कानाजवळ आला.

"कुठवर आलास?"

शनिवार, विमान, शमिका, एवढंच हृषिकेशच्या डोक्यात होतं. आपल्याला तिच्याजवळ पोचायचंय, इथे अडकायचं नाही. त्याने बटण दाबलं.

"माझी चूक झाली," तो म्हणाला. "आमच्या भाषेत निघताना असंच म्हणतात. त्याचा अर्थ येणं असा नसतो..."

"मग कसा असतो?"

"निघालो, असा."

"जाणारा माणूस येतो म्हणतो?"

"हो."

"आणि मग येतो?"

इथे खोटं बोलला असता तर काय बिघडलं असतं! पण त्या म्हाताऱ्या आवाजाशी त्याला खोटं बोलवेना. "बहुतेक येतो," तो म्हणाला.

"तुमच्या भाषेत कसं म्हणतात ते?"

ब्रिंकमान जोरजोरात मान हलवून नको म्हणत होता. पण हृषिकेशला वाटलं, एक शब्द सांगून सुटका होत असेल तर होऊ दे.

"येतो," त्याने सांगितलं.

"येतो," आवाज म्हणाला. उच्चारात कुठेही जर्मन नव्हतं. एखादा मराठी माणूस उंबऱ्यात चपला घालताना म्हणेल, तितकं सहज. मग सीबी गप्प झाला. ब्रिंकमानने बटणं फिरवून पाहिली, सगळे चॅनल रिकामे होते.

"गेला," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच हसला. "तू सोडवलंस त्याला."

डोंगर उतरल्यावर धुकं विरळ झालं. पुढच्या विश्रांतीच्या थांब्यावर ब्रिंकमान कॉफी आणायला गेला, तेवढ्यात हृषिकेशच्या फोनला रेंज आली. पुण्याहून सासूबाईंचे फोनवर फोन येऊन गेले होते. त्याने उभ्या उभ्याच लावला.

"अहो हृषिकेशराव, किती फोन केले!" सासूबाई हसत होत्या की रडत होत्या, कळत नव्हतं. "मुलगा झाला! शमिका ठीक आहे, काळजी करू नका. बीपी एकदम चढलं, सिझेरियन करावं लागलं. बाळ आधी रडेचना हो. श्वासच घेईना. डॉक्टरांनी सगळे प्रयत्न केले, शेवटी त्यांनी माझ्याकडे बघून मान खाली घातली. आणि तेवढ्यात घेतला हो श्वास, आपला आपणच! अर्धा तास झाला असेल."

अर्ध्या तासापूर्वी, डोंगर उतरायला लागताना, सीबीवरचा तो आवाज 'येतो' म्हणाला होता. हृषिकेशने फोन दुसऱ्या कानाला लावला. आनंद व्हायला हवा होता, झालाही होता, पण त्या आनंदाला हात लावायची त्याला भीती वाटत होती.

"ऐकताय ना? थांबा, फोन बाळाच्या कानाशी धरते. बोला त्याच्याशी."

पलीकडे बारीकसा श्वास ऐकू यायला लागला. काहीतरी बोलायला हवं होतं. बाळा म्हणावं, सोन्या म्हणावं... पण एक शब्दही त्याने उच्चारला नाही. तो नुसता ऐकत राहिला. पलीकडचा श्वासही ऐकत असल्यासारखा थांबून थांबून येत होता. रस्त्यावरून ट्रक जात राहिले.

मग सासूबाईंचा आवाज परत आला, कौतुकाने भरलेला.

"अगंबाई! असं काय सांगितलंत हो त्याला? अर्ध्या तासाचं पोर, पण ओळखीचं माणूस भेटल्यासारखं हसलं बघा!"