थर्झाच्या पायांचा आवाज

ही ऐकीव गोष्ट नाही. हे घडलं तेव्हा मी दहा पावलांवर उभी होते.

तारीखही सांगते. २१ फेब्रुवारी १९१३, शुक्रवार. ओहायोतलं झेन्सव्हिल गाव, हॉलिस्टर थिएटर.

असल्या गोष्टी रात्री घडतात म्हणतात. ही दुपारी सव्वातीनला घडली. आठशे माणसांच्या डोळ्यांसमोर.

आणि त्यातल्या एकालाही काही कळलं नाही.

मी हॅना ऑर्मरॉड. थर्झा माझी बहीण, तीन वर्षांनी धाकटी. आमचे बाबा इंग्लंडातल्या लँकेशरहून अमेरिकेत फॉल रिव्हरला आले ते कापडगिरणीत माग चालवायला. आमच्याकडच्या विणकरांचा एक नाच असतो. लाकडी तळाचे बूट घालायचे आणि मागाच्या ठेक्यावर पाय वाजवायचे. बाबांनी तो आम्हाला स्वयंपाकघरातल्या फरशीवर शिकवला. मला पावलं जमायची. थर्झाला ती सुचायची. ती डोळे मिटून नाचली की खोलीत धोटा इकडून तिकडे पळतोय असं वाटे.

गिरणीत ती वर्षभरही टिकली नाही. उभ्या उभ्या पाय वाजवते म्हणून मुकादमाने तिला हाकललं. मग आम्ही प्रॉव्हिडन्सला हौशी कलाकारांच्या स्पर्धेत उतरलो. ती पंधराची होती, मी अठराची. तिथून 'ऑर्मरॉड भगिनी' झालो आणि पुढची चार वर्षं आगगाडीतच राहिलो म्हटलं तरी चालेल. आज हे गाव, सोमवारी पुढचं. दिवसाला तीन खेळ, प्रत्येक खेळात आमची दहा मिनिटं.

आमचा नंबर दुसरा, शिकवलेल्या सील माशांच्या मागून. स्टेज ओलं असायचं आणि वास मारायचा.

"एक दिवस हे सील आपल्या मागून येतील, हॅने," थर्झा म्हणायची. "तेव्हा त्यांना कळेल."

तिला न्यूयॉर्कच्या मोठ्या थिएटरांत जायचं होतं. मला फक्त ती जाईल तिथे जायचं होतं.

आमच्या नाचातला शेवटचा भाग तिचा एकटीचा. स्टेजच्या मधोमध तीन फूट उंचीचा एक लाकडी खांब ठेवायचा. वर जेवणाच्या थाळीएवढी फळी. ती त्या फळीवर चढायची, वाद्यं थांबायची, आणि मग फक्त तिचे पाय. मी उजव्या बाजूला हात पसरून पुतळ्यासारखी उभी राहायची. हलायचं नाही, हा आमचा नियम होता.

झेन्सव्हिलला आम्ही सोमवारी पोहोचलो. पहिला दिवस बरा गेला.

मंगळवारी दुपारी ती फळीवर चढली. वाद्यं थांबली. पाय सुरू झाले.

आणि मला आणखी एका जोडीचा आवाज आला...

डावीकडून. जिथे कोणीच नव्हतं तिथून. लाकडी तळाचाच आवाज, थर्झाच्या किंचित मागे. मला वाटलं, रिकाम्या कोपऱ्यात आवाज घुमतोय.

खेळ संपल्यावर ड्रम वाजवणारे ब्रांडलकाका मला जिन्यात भेटले. म्हातारा जर्मन माणूस, हसणं माहीत नाही. बहिणीची पाळी असताना मध्ये पाय का वाजवतेस, असं त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, मी वाजवले नाहीत.

ते माझ्या बुटांकडे बघत राहिले. मग खाली गेले.

बुधवारी तो आवाज पुन्हा आला. या वेळी मागे नव्हता, बरोबर होता. आणि शेवटाला त्याने एक ठोका जास्त टाकला. टाच आणि चवडा यांच्या मधला. तसा ठोका मी कधी ऐकला नव्हता.

थर्झाने वळून डावीकडे पाहिलं.

ती घाबरली असेल असं वाटून मी विंगेत तिला जवळ घेतलं. तर तिचे डोळे चमकत होते.

"ऐकलास तो ठोका?" ती म्हणाली. "मला तो हवाय."

रात्रीच्या खेळापर्यंत तिने तो उचलला होता.

मी तिला समजावलं. आजारपणाचं कारण सांगू आणि निघू, असं म्हटलं. ती माझ्यावरच उखडली. शुक्रवारी दुपारी न्यूयॉर्कचा एजंट येणार होता, आमच्यासाठी मुद्दाम. चार वर्षं याच एका माणसाची वाट पाहिली आणि आता मी अंगणातल्या कोंबडीसारखी दचकतेय, असं ती म्हणाली. मग जरा मऊ झाली. कोण आहे माहीत नाही, पण ते आपल्याला शिकवतंय, असं तिचं म्हणणं होतं. बाबांनंतर तिला कोणी काही शिकवलं नव्हतं.

मी ब्रांडलकाकांना गाठलं. या थिएटरमध्ये कुणी नाचणारी मेली होती का, असं सरळच विचारलं.

"हे थिएटर मागच्या वर्षी बांधलंय, पोरी," ते म्हणाले. "इथे अजून मरायला कुणाला सवड मिळाली नाही."

त्याआधी तिथे बटाट्याचं शेत होतं म्हणे.

गुरुवारी सकाळी आम्ही उतरलो होतो त्या घरी मी आरशासमोर केस विंचरत होते. एकाएकी थर्झा माझ्या मागे दिसली. मी केवढ्यांदा किंचाळले. जिना लाकडी होता, चढताना मांजराचाही आवाज व्हायचा. ती बूट घालून वर आली होती.

मी तिला पुन्हा खाली जाऊन वर यायला सांगितलं. हसत हसत ती गेली आणि आली.

एकही पायरी वाजली नाही.

तिच्याही ते लक्षात आलं. पलंगावर बसून तिने दोन्ही बूट जमिनीवर आपटले. मग जोरात आपटले...

काहीच नाही.

ती हलक्या आवाजात म्हणाली, "स्टेजवर येतो ना पण. उद्याचा दिवस जाऊ दे, हॅने. मग तू म्हणशील तिथे जाऊ."

मी तिला बांधून ठेवायला हवं होतं. मी तिच्या बुटांच्या नाड्या बांधून दिल्या.

शुक्रवार. सव्वातीन. एजंट तिसऱ्या रांगेत, मांडीवर हॅट ठेवून.

ती फळीवर चढली. वाद्यं थांबली. मी हात पसरले.

असा नाच मी आयुष्यात पाहिला नाही. पाय दिसत नव्हते इतके वेगात. आवाज पावसासारखा, मग एकेक थेंब, मग शंभर माग एकदम सुरू झाल्यासारखा. लोक पुढे झुकले होते.

पण मी दहा पावलांवर होते. मला कळत होतं.

खांबातून आवाज येतच नव्हता.

सगळा आवाज डावीकडच्या मोकळ्या फळ्यांतून येत होता. तिथे कोणी नव्हतं. आणि थर्झा आता त्याला शिकवत नव्हती, त्याच्याकडून शिकतही नव्हती... तिचे पाय त्याच्या मागे ओढले जात होते.

तिने माझ्याकडे पाहिलं. तोंडावर स्टेजवरचं हसू तसंच होतं. ओठ हलले. "हॅने."

मी हलले नाही.

एजंट तिसऱ्या रांगेत होता. मी हलले असते तर तिची चार वर्षं वाया गेली असती. असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे माझे हात पसरलेले होते आणि ते खाली घेता येत नव्हते. यातलं खरं काय, ते अठ्ठेचाळीस वर्षं झाली, मला ठरवता आलेलं नाही.

ब्रांडलकाकांनी काठ्या खाली ठेवल्या. बाकीची वाद्यं सुरू झाली, नाच संपायची ती खूण होती. टाळ्यांचा कडकडाट झाला. पडदा पडला.

ती उतरली नाही. तिचे पाय चालूच होते. आवाज न करता.

आम्ही चौघांनी तिला उचलून खाली घेतलं. हवेत धरलं तरी पाय नाचत होते. त्याच वेळी डावीकडचा तो ठेका हळू झाला. टक... टक... टक... काम आटोपून माणसाने निघावं तसा तो विंगेकडे गेला, तीन पायऱ्या उतरला आणि बंद झाला.

मग थर्झाचे पाय थांबले.

एजंटला नाच पसंत पडला होता. तीस आठवड्यांचा करार मिळाला, न्यूयॉर्कसह. आम्ही गेलोही. पहिल्याच दुपारी वाद्यं थांबली आणि पुढे नुसती शांतता. एक पोरगी घाम गाळत पाय हलवतेय आणि ऐकू काहीच येत नाही. लोक आधी हसले, मग ओरडायला लागले. वरच्या गॅलरीतून कोणीतरी म्हणालं की बाई आवाज घरी विसरून आल्यात वाटतं. तिने नाच शेवटपर्यंत केला. नमस्कार करून आत आली, बूट काढले आणि परत कधी घातले नाहीत.

आम्ही फॉल रिव्हरला परतलो. डॉक्टरांनी पाय तपासले, माझे कान तपासले, आणि दोघींना हवापालट करायला सांगितलं.

ते पायांवर थांबलं नाही.

त्या हिवाळ्यात तिच्या टाळीचा आवाज गेला. मग ताटातल्या चमच्याचा. ती बसली तरी खुर्ची करकरेना. पुढच्या हिवाळ्यात तिला खोकला झाला, पण छाती हलताना दिसायची तेवढंच. बाबा जुन्या फरशीवर उभे राहून तिच्यासाठी पाय वाजवून दाखवायचे, लहानपणी शिकवायचे तसे. ती त्यांच्या पायांकडे बघत बसायची. एकदा तेच रडले आणि बाहेर निघून गेले.

बोलणं शेवटी गेलं. बारीक होत होत. ऐकू आलेलं तिचं शेवटचं वाक्य मला पाठ आहे.

"माझ्याकडे बघत जा, हॅने. तू मान वळवलीस की मी आहे का नाही, तेच कळत नाही."

मी बघत होते. खरंच बघत होते. जेवताना, शिवताना, चर्चमध्येसुद्धा.

मे १९१५. गुरुवार. दुपारची वेळ. ती माझ्या मागे स्वयंपाकघरात बसली होती आणि मी बटाटे सोलत होते. तिच्याशी बोलत होते. शेजारच्या सुझनच्या लग्नाचं काहीतरी. चार बटाटे झाले असतील.

वळून पाहिलं तर खुर्ची रिकामी होती.

दार अर्धवट उघडं होतं. त्या दाराची बिजागरी गंजलेली होती, गल्लीच्या टोकाला ऐकू जायची. मी ऐकली नाही.

आम्ही गल्ली पाहिली, गिरणीचं आवार पाहिलं, पोलिसांनी नदी पाहिली. हाक मारत फिरायचं तरी कसं? तिने ओ दिली असती तर ती आम्हाला ऐकू येणार नव्हती. बाबा सहा वर्षं दारातल्या पायरीवर बसून होते. तिथेच गेले.

मी लग्न केलं नाही. घर सोडलं नाही. दाराला कडी लावत नाही.

इतकी वर्षं एक आधार होता. ती परत आली तर मला दिसेल. आवाज नाही तर नाही, दिसेल तर.

दोन वर्षांपूर्वी माझी दृष्टी अधू व्हायला लागली. गेल्या नाताळात पूर्ण गेली. हे मी सांगतेय आणि शेजारची कॉनी लिहून घेतेय. चांगली मुलगी आहे, रोज दुपारी येते. अधूनमधून मी तिला विचारते, खोलीत आपल्याशिवाय कोणी आहे का. ती म्हणते, नाही, हॅनाआजी, कोणी नाही.

पाच वाजता कॉनी घरी जाते.

त्यानंतर मी कुणाला विचारू?