परगावचा ठिपका

दसऱ्याआधी गाडी चकचकीत झालीच पाहिजे, असं अंगदच्या मनाने घेतलं होतं. नांदेडच्या किशनराव नावाच्या एका क्लासवाल्याकडून दोन महिन्यांपूर्वी घेतलेली ही जुनी पांढरी गाडी. अंगदची लेक अपूर्वा हिला पहाटे क्लासला सोडायला बरी पडे. पण रंग जपायला म्हणून आधीच्या मालकाने वरून चढवलेली पारदर्शक फिल्म आता पिवळी पडली होती आणि कडांना कांद्याच्या सालीसारखी सुटत होती.

लातूरचं ऑक्टोबरचं ऊन म्हणजे तापला तवा. अंगदने गाडी तासभर अंगणात तापू दिली, बायकोचा, राजश्रीचा, केस वाळवायचा ड्रायर आणून कडेवर गरम हवा धरली, नखाने टोक उचललं आणि फिल्म जवळजवळ आडवी धरून सावकाश ओढू लागला. साबणाचं पाणी मारून काढतात म्हणे; पण नळाला आठ दिवसांआड पाणी, तेव्हा पाण्याचा थेंबही न वापरता काम चाललं होतं. जखमेवरची चिकटपट्टी निघताना येतो तसा बारीक चरचर आवाज येत होता.

अंगदची आई गोदावरीबाई ओट्यावर मूग निवडत होत्या. छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई. दोन आणि दोन चार झाल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

अर्धं बॉनेट उघडं झालं आणि अंगदचा हात थांबला.

"आई, हे तू कधी काढलंस?"

पांढऱ्या रंगावर कुंकवाचं स्वस्तिक होतं, बोटाने काढलेलं. अर्धं उघड्यावर आलेलं, अर्धं अजून फिल्मखाली. गोदावरीबाई उठून खाली आल्या. अंगदने उरलेली फिल्म ओढली. स्वस्तिकाच्या चार घरांत चार ठिपके होते आणि पाचवा ठिपका डाव्या अंगाला, लांब, एकटा.

मूग निवडायची परात त्यांच्या हातातच राहिली.

हा पाचवा ठिपका त्यांच्या माहेरचा. त्यांच्या आईने शिकवलेला. घरातलं जे माणूस परगावी असेल, त्याच्या नावाने एक ठिपका बाहेर ठेवायचा, म्हणजे सणाला त्याचाही वाटा राहतो. हे दोघीच काढायच्या. एक गोदावरीबाई, दुसरी त्यांची धाकटी बहीण रुक्मिण. पाचवा ठिपका जरा लांबट ओढायची सवय रुक्मिणची. हाही लांबट होता.

त्यांनी बोट टेकवलं. बोट लाल झालं, ओलं.

"उन्हाने पाझरलं असेल," अंगद म्हणाला. कोरडं कुंकू उन्हाने कसं पाझरतं, ते त्याने सांगितलं नाही.

गोदावरीबाईंना आधी संशय आला तो किशनरावांचा. माणूस काहीतरी लपवतोय. त्यांनी लगेच फोन लावायला सांगितला. किशनराव बिचारे सरळ बोलले. गाडी कारखान्यातून आली तशी शोरूममध्ये त्यांच्या डोळ्यांदेखत फिल्म चढवली होती, पूजा नंतर झाली, तीही फिल्मवरून, आणि स्वस्तिक म्हणजे शोरूमच्या पोरीने लावलेलं तयार स्टिकर. घरात कुणी वयस्क बाई आहे का, हे गोदावरीबाईंनी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा ते जरा चिडले.

फोन ठेवल्यावर त्या आतल्या खोलीत जाऊन बसल्या.

रुक्मिणचं सासर किल्लारीजवळच्या एका खेड्यात. त्र्याण्णवच्या भूकंपात, त्या पहाटे, सगळं गाव खाली आलं. गोदावरीबाई तिसऱ्या दिवशी पोचल्या. पाऊस चालू, सरपण अपुरं, आणि प्रेतं ओळीने ठेवलेली. एकीच्या अंगावर हिरवं लुगडं होतं, त्यांनीच पंचमीला दिलं होतं तसं. चेहऱ्याकडे बघण्यासारखं नव्हतं. पाय मात्र धड होते, आणि पायात जोडवी नव्हती. रुक्मिण जोडवी कधीच काढत नसे. तोंडाला फडकं बांधलेल्या एका स्वयंसेवकाने विचारलं, बाई, तुमचीच का? पुढे ओळ फार लांब होती. गोदावरीबाई दमल्या होत्या.

"हाव," त्या म्हणाल्या.

रुक्मिणचा नवरा पिराजी तेव्हा पाय मोडून सोलापूरच्या दवाखान्यात पडलेला. त्याने त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला. दोन वर्षांनी बबिताशी लग्न केलं.

आता तीस वर्षांनी गोदावरीबाईंना एकच गोष्ट पक्की हवी होती. आपण अग्नी दिला ती रुक्मिण होती की नव्हती? कुणीतरी वेड्यात काढावं, एवढंच मागणं होतं. त्यांनी पिराजीला फोन लावला. स्वस्तिकाचं सांगितलं, ठिपक्याचं सांगितलं.

पिराजीने एवढंच विचारलं.

"अक्का, वलं हाय का वाळल्यालं?"

"ओलं."

मग पिराजी हळू आवाजात सांगू लागला. पुनर्वसनाच्या घरात आले त्या पहिल्याच वर्षी दाराच्या चौकटीवर असंच स्वस्तिक उठलं होतं. तेव्हापासून दरसाल, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, भूकंपाच्याच तिथीला. बबिता काही न बोलता पुसून टाकायची.

"तुम्हाला सांगितलं न्हाई," तो म्हणाला. "मग तुम्ही जाळली ती कोण, असं झालं असतं."

तीस वर्षांत कुणाला न सांगितलेलं गोदावरीबाई बोलल्या.

"तिच्या पायात जोडवी नव्हती, पिराजीराव. मी बघितलं होतं."

"हं," पिराजी म्हणाला. रागाने नाही.

"मग रुक्मिण?"

"कुठं तरी ढिगाऱ्याखालीच ऱ्हायली म्हणायची. त्यावर आता रान झालंय."

पिराजीचं बोलणं संपलं नव्हतं.

"पण अक्का, यंदा आमच्याकडं उठलंच न्हाई. मी अन् बबिता दिवसभर दाराकडं बघत बसलो. वाटलं, सुटली."

फोन केव्हा बंद झाला, ते त्यांना कळलं नाही.

बाहेर अंगदने बॉनेट पुसून लख्ख केलं होतं. तो आता मागच्या दाराला ड्रायर धरून बसला होता.

राजश्री घराच्या पुढच्या दाराशी उभी होती. हातात ओलं फडकं. ती चौकट पुसत होती.

"दसऱ्याला अजून अवकाश आहे, आई," ती हसून म्हणाली. "आत्ताच कशाला कुंकू लावलंत?"