फळ्यामागची खोली

आधीच सांगते, हे माझ्या स्वतःच्या बाबतीत घडलंय. कुणाच्या मावशीच्या शेजारणीच्या नाही. मी वीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासते. डोळ्यांनी बघितल्याशिवाय रिपोर्टवर सही करत नाही. त्यामुळे "ताई, भास झाला असेल" असं ज्यांना लिहायचंय, त्यांनी कृपा करून लिहू नका.

आणि रात्र नव्हती.

रविवार होता. दुपारचे साडेतीन वाजून गेले होते. डोळे उघडवत नव्हते इतकं ऊन.

जागा म्हणजे आमच्या शहरातलं जुनं फुटबॉल स्टेडियम. बाबा तिथे एकतीस वर्षं ग्राउंडमन होते. गवत कापायचं, चुन्याच्या रेघा मारायच्या, गोलच्या जाळ्या बांधायच्या. क्लबने शहराबाहेर नवीन स्टेडियम बांधलं आणि हे पाडायला काढलं. जुन्या लोकांना निरोप आला, आठवण म्हणून काही हवं असेल तर रविवारी येऊन घेऊन जा.

"काय हवंय तुम्हाला?" मी बाबांना विचारलं. "खुर्ची? झेंडा?"

"फळ्यावरचा एकचा आकडा," बाबा म्हणाले.

फळ्याचं प्रकरण मला माहीत होतं. निदान तेव्हा तसं वाटत होतं.

फळा म्हणजे जुना स्कोअरबोर्ड. स्टँडच्या वर एक पत्र्याची खोली, तिच्या पुढच्या भिंतीला दोन चौकोनी खिडक्या, जेमतेम हात-डोकं बाहेर निघेल एवढ्या. आतला माणूस त्या खिडक्यांत आकड्यांच्या पाट्या लावायचा. पाटी काढली की तेवढा उजेड आत यायचा. लावली की पुन्हा अंधार.

आत असायचे आकडेकाका. त्यांचं खरं नाव बाबांशिवाय कुणाला ठाऊक नसेल. मी लहान असताना पाटी बदलता बदलता ते खिडकीतून माझ्याकडे बघून हात हलवायचे. फक्त हातच दिसायचा.

एकदा काही टग्यांनी वर चढून, काकांना दम देऊन आकडे बदलून घेतले होते. तेव्हापासून क्लबने नियम केला. मॅच सुरू झाली की खोलीला बाहेरून कडी, कडीला कुलूप. शेवटची शिट्टी झाली की उघडायचं. त्याआधी काहीही झालं तरी नाही. किल्ली बाबांच्या कमरेला असायची.

मी नऊ वर्षांची असताना एक मॅच अर्धवट राहिली. स्कोअर दोन-एक होता. लोक मैदानात घुसले, दगडफेक झाली, पळापळ झाली. रेफरी जीव मुठीत धरून पळाला.

शेवटची शिट्टी झालीच नाही.

बाबा जखमींना उचलून हॉस्पिटलात नेत राहिले. पोलिसांनी स्टेडियमला सील ठोकलं. ते चौथ्या दिवशी उघडलं. मे महिना होता, आणि पत्र्याची खोली.

पुढचं मी लिहीत नाही.

"गडबडीत विसरलो गं." बाबा जन्मभर एवढंच म्हणाले. आई असेपर्यंत ती त्यांची समजूत काढत राहिली, मग मी. माणूस विसरतो, बाबा. विसरणं हा काही गुन्हा नाही.

नंतर समोरच्या बाजूला विजेचा बोर्ड आला. जुन्या फळ्याकडे कुणी फिरकलं नाही. दोन आणि एक, तसेच राहिले.

तर त्या रविवारी आम्ही पोचलो. गेटवर मुकादम भेटला. पाडायचं काम मागच्या बाजूने सुरू झालंच होतं.

"आत्ता पोरं चहाला बसलीत, ताई," तो म्हणाला. "मी शिट्टी मारली की काम परत सुरू. त्याआधी खाली या म्हणजे झालं."

बाबांचे गुडघे गेलेत. त्यांना मैदानापलीकडच्या बाकावर बसवलं. माझी पर्स त्यांच्या मांडीवर ठेवली. फोन पर्समध्येच होता. अक्कल गहाण ठेवली होती मी त्या दिवशी, दुसरं काय.

"सांभाळून जा," बाबा म्हणाले. "आणि आत गेलीस की जरा कानोसा घे."

"कसला कानोसा?"

त्यांनी पर्स पोटाशी धरली आणि ते फळ्याकडे बघायला लागले.

लोखंडी शिडी चढून वर गेले. दाराला कुलूप नव्हतं. नुसती कडी होती, तीही गंजून घट्ट बसलेली. चपलेने ठोकून ठोकून काढावी लागली. हे लक्षात ठेवा.

आत भट्टीसारखं तापलं होतं. एक स्टूल होतं. खिळ्यांवर पाट्या टांगलेल्या. मी चाचपडत खिडकीपाशी गेले आणि एकची पाटी ओढून काढली. उजेड आत आला. मैदानापलीकडे बाबा दिसले, एवढेसे. मी गंमत म्हणून हात बाहेर काढून हलवला, काका हलवायचे तसा.

बाबांनी हात हलवला नाही.

आणि मागे...

खट्.

दार लागलं होतं. बाहेरून कडी लागली होती. जी काढायला मला चप्पल लागली, ती एका झटक्यात लागली होती.

वारा असेल, म्हणून मी ढकललं. दार हललं नाही. मग बडवलं. "बाबा, दार लागलंय. कुणाला तरी बोलवा." घसा फुटेस्तोवर ओरडले.

वळून बघते तो...

खिडकी बंद.

एकची पाटी मी खाली जमिनीवर ठेवली होती. ती जागेवर गेली होती.

मी झडप घालून ती पुन्हा काढली आणि पायाखाली दाबून धरली. दुसऱ्या खिडकीतली दोनचीही काढली. आता दोन्हीकडून उजेड येत होता. बाबा तसेच बसलेले. माझ्याकडेच बघत होते. मी दोन्ही हात बाहेर काढून हलवले.

त्यांनी मला बघितलं. अगदी नक्की बघितलं. आणि ते उठले नाहीत.

मग माझ्या हाताशेजारी पत्र्यावर पत्रा घासल्याचा आवाज आला... सावकाश... रोजच्या सवयीचं काम असावं तसा.

दोनची खिडकी मिटली.

पायाखालची पाटी कधी निघाली ते कळलं नाही. एकची खिडकीही मिटली.

माझी पाचावर धारण बसली. अंधारात घामाचा वास आला. माझा नव्हता. आणि अगदी कानाजवळ, दमलेल्या आवाजात...

"शिट्टी झाली का?"

मी दारावर कोसळलेच. दोन्ही मुठींनी दार बडवत सुटले. किती वेळ, देव जाणे. हात सुजले, अंगातलं त्राण गेलं. शेवटी मी बडवायची थांबले.

बडवणं थांबलं नाही.

माझ्या कमरेच्या उंचीवर, बसलेल्या माणसाने वाजवावं तसं दार वाजत होतं. हळू. मध्ये मध्ये थांबून. मी तोंडावर हात दाबून भिंतीला चिकटून उभी राहिले. आता इथून आपण बाहेर पडत नाही, हे मी मनाशी मान्य केलं होतं.

तेवढ्यात बाहेर मुकादमाची शिट्टी वाजली. एकच, लांबलचक.

दार वाजायचं थांबलं.

खट्.

कडी निघाली. दार उघडलं. शिडीवर कुणी नव्हतं.

मी खाली कशी आले आठवत नाही. मैदान ओलांडून बाबांसमोर उभी राहिले. मागे वळून फळ्याकडे पाहिलं. दोन. एक. दोन्ही पाट्या जागेवर होत्या.

"बाबा, मी एवढं दार बडवत होते. तुम्हाला ऐकू नाही आलं?"

बाबा फळ्याकडेच बघत होते.

"आलं ना," ते म्हणाले. "तेव्हाही आलं होतं."

मला आधी कळलंच नाही.

"त्याच संध्याकाळी सायकल न्यायला परत आलो होतो. गेटवरचा पोलीस ओळखीचा होता, सोडलं त्याने आत. तो दार वाजवत होता. किल्ली माझ्या कमरेला होती. तोवर चार तास उलटून गेले होते. उघडलं तर सगळे विचारतील, इतका वेळ कुठे होतास. नोकरी जाईल. म्हटलं, एका रात्रीने काय होतंय. सकाळी गुपचूप काढू. सकाळी आलो तर सील."

"मग पोलिसांना सांगायचं ना."

"सकाळी सांगितलं असतं तर रात्रीचं विचारलं असतं. दुपारी सांगितलं असतं तर सकाळचं."

"आणि आज मला का पाठवलंत वर?"

"तो गेला का, ते बघायचं होतं," माझे बाबा म्हणाले.

याला आता सात महिने झाले. स्टेडियम भुईसपाट झालंय. बाबा माझ्याकडेच असतात, जाणार कुठे? मी वेळेवर जेवण देते, औषधं देते. बोलत मात्र नाही. तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल, याची मलाच भीती वाटते.

दर रविवारी पावणेचारच्या सुमाराला बाबांच्या खोलीला बाहेरून कडी लागायला लागली. मी लावत नव्हते. घरात आम्ही दोघंच आहोत. सुताराला बोलावून कडी काढून टाकली, तरी दार घट्ट बसतं आणि आतून उघडत नाही.

मग बाबा दार वाजवायला लागतात. हाक मारत नाहीत. नुसतं वाजवतात. मी जाऊन उघडते. बाहेरून ते सहज उघडतं.

दर वेळी लगेच उघडते मी.

गेल्या रविवारी भांडी घासत होते. म्हटलं, हे एवढं पातेलं होऊ दे. मग म्हटलं, कढई पण आटपूनच घेऊ. मग ओटा पुसला. मग तो पुन्हा एकदा पुसला.

नळ बंद होता. मला ऐकू येत होतं.