आपली शिदोरी आपल्यापाशी

"तुम्ही त्याला शिव्या देताय की त्याच्यासाठी प्रार्थना करताय?" मी विचारलं.

पोर्टलंडच्या कॉलेजातली ती एक रिकामी खोली. बाहेर सकाळपासून भुरभुर चाललेली. ओला कोट कुठेतरी वाळत टाकावा म्हणून मी आत शिरले, तर कॉम्प्युटरपुढे एक तरुण ओठ हलवत बसलेला. त्याने वर पाहिलं. डोळे दमलेले... आणि तरी हसरे.

"दोन्ही," तो म्हणाला. "फाइलींची यादी मागितली, देत नाही. कॉपी करत नाही. काहीच चालत नाही."

"लायब्ररी बदललीत?"

"बदलली... चुकीची टाकली."

मी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले. आमची ऑपरेटिंग सिस्टीम जगभरच्या हौशी लोकांनी मिळून चालवलेली. तिच्या छोट्या छोट्या कमांड आजवर आपापली शिदोरी पोटाशी बांधून चालायच्या. याला म्हणायचं स्टॅटिक लिंकिंग. आज इथल्या सभेपुढे नवा प्रस्ताव होता डायनॅमिकचा: सगळ्यांनी एकाच सामायिक लायब्ररीतून, म्हणजे कोडच्या कोठारातून, वाढून घ्यायचं. जागा वाचते, हे खरं. पण ती लायब्ररी बिघडली की सगळं घर उपाशी. ती परत जागेवर ठेवायची, तर ठेवणारी कमांडही उपाशीच. या तरुणाने आपल्या मशीनवर हेच आधी करून पाहिलं होतं.

"माझ्याकडे सीडी आहे," मी म्हटलं. "तिच्यावरच्या कमांड कुणाच्या दारात मागायला जात नाहीत."

"तुमच्यासारख्याच?"

"सरका जरा."

मशीन माझ्या सीडीवरून सुरू केलं, जुनी लायब्ररी जागेवर ठेवली. यादी झरझर उमटली तसा त्याने श्वास सोडला आणि पिशवीतून एक नाशपाती काढून माझ्यापुढे धरली. "हूड रिव्हरची. आमच्या बागेतली. मी थिओ."

"थिओ नाकाशिमा?" माझा हात थबकला. "तो प्रस्ताव तुमचा?"

"माझाच. आणि तुम्ही... अस्टोरियाच्या मॅरिट हॉल्वरसन. ई-मेलवर चारचौघांत मला आडमुठा म्हणणाऱ्या."

"आजही म्हणणार आहे."

"म्हणा. पण नाशपाती खा आधी."

खाल्ली. फार गोड होती, याचाच राग आला.

सभेच्या दारात ग्लेनने मला गाठलं. ग्लेन म्हणजे माझा साहेब. आमची कंपनी हीच सिस्टीम छोट्या यंत्रांत घालून विकायची, त्यामुळे जागा वाचलेली त्याला हवीच होती.

"तू आज गप्प बसायचंस, मॅरिट. कंपनी या प्रस्तावाच्या बाजूने आहे."

"कंपनी आहे. मी नाही."

मी बोलले. लायब्ररी बिघडली तर दुरुस्त करणारी कमांडही बंद पडेल, हे सांगितलं. मागून कुणीतरी हसत म्हणालं, "असं खरंच कुणाचं झालंय का, की नुसता बागुलबुवा?"

थिओ समोरच बसला होता. त्याच्याकडे नुसतं बोट दाखवलं असतं, तर मी तिथेच जिंकले असते.

"झालंय," मी म्हटलं. "कुणाचं, ते सांगणार नाही."

हशा पिकला. मान वर ठेवून मी उभी राहिले. तेवढ्यात थिओ उठला.

"माझं झालं," तो म्हणाला. "आज सकाळी, माझ्याच हातून. यांनी निस्तरलं." हशा विरला. "तरी प्रस्ताव मी मागे घेत नाही. सुरक्षेचं एक भोक बुजवायचं, तर स्टॅटिकमध्ये एकूण एक कमांड नव्याने बांधावी लागते. लोक कंटाळतात, भोक तसंच राहतं. सामायिक असलं की एकदाच बुजवायचं. पण अडीनडीच्या कमांड वेगळ्या, स्टॅटिक ठेवायला हव्यात. यांचं तेवढं अगदी बरोबर आहे."

तेवढं? अगदी बरोबर, आणि तेवढंच? मला त्याला चिमटा काढावासा वाटला... आणि त्याचा हात धरावासाही.

प्रस्ताव मंजूर झाला. मग अध्यक्षबाईंनी विचारलं, "त्या वेगळ्या कमांड सांभाळणार कोण?" सगळे आपापल्या कॉफीत पाहायला लागले.

"मी," मी म्हटलं.

"कंपनीच्या वेळात नाही," ग्लेन तिथल्या तिथे म्हणाला.

"मग माझ्या वेळात."

"सोमवारी बोलू आपण."

"सोमवारीही हेच म्हणेन."

मी बाहेर आले. भुरभुर चालूच होती. मागून पावलं वाजली.

"एकटीने नाही जमणार ते," थिओ म्हणाला. "मी येतो."

"कीव करताय?"

"छे. तू हरलीस, तरी मला वाचवलंस. मघाशी माझं नाव घेतलं असतंस तर—"

"तू?" मी भुवई उंचावली.

तो कानापर्यंत लाल झाला. "भांडताना तुम्ही फार लांबचं वाटतं. आणि मला भांडायचंय तुझ्याशी... जमलं तर रोज."

"मी ऐकणारी नाही, थिओ. नोकरी गेली तरी नाही."

"ऐकू नकोस. शेजारी बसू दे फक्त."

त्याच्या पापण्यांवर थेंब अडकले होते. तो आणखी काही बोलणार होता. मी त्याची कॉलर धरून त्याला खाली ओढलं आणि बोलू दिलं नाही.

काचेच्या दारामागे ग्लेन उभा होता, अर्धी सभा त्याच्या मागे. पाहू देत, म्हटलं.