थेंबगाडीचं हलकं नाक

"एका बोटानं! बघा, एका बोटानं उचललं!" अँडर्स ओरडला.

आर्नकाकांच्या लाकडी ट्रेलरचा पुढचा दांडा त्यानं खरोखरच एका बोटावर तोलून धरला होता.

"मग! हलका बांधलाय मी!" काका खूश झाले.

मार्लिसकाकू नुकत्याच मोठ्या आजारातून उठल्या होत्या. तंबूत जमिनीवर झोपणं आता त्यांना जमणार नव्हतं, पण मिनेसोटातल्या त्यांच्या लाडक्या तळ्यावर पुन्हा एकदा जायचं होतं. म्हणून काकांनी पाण्याच्या थेंबासारखी, कारमागे जोडायची ही खोली बांधली होती. आत गादी आणि मागचं झाकण उचललं की स्वयंपाकघर! सुट्टीला आलेल्या ब्रिटा आणि अँडर्स या बहीणभावांनी प्लायवूड घासून घासून हात सोलवटून घेतले होते.

ब्रिटाच्या कपाळावर मात्र आठ्या होत्या. "अरे, स्वयंपाकघर बसवण्याआधी हा दांडा तुझ्या दोन्ही हातांनी हलत नव्हता. वजन वाढलं, मग हा हलका कसा झाला?"

"मी दंड कमावलेत!"

"हो, पॅनकेक चापून!"

तिनं मागे जाऊन पाहिलं. शेगडी, बर्फाची पेटी, पाण्याची टाकी... सगळं चाकांच्या मागे!

"काका, मागची बाजू फार जड झालीय. गाडी रस्त्यावर हेलकावे खाईल!"

"ब्रिटाबाई, तुझ्याएवढा होतो तेव्हापासून रंधा मारतोय मी. उद्या निघायचं म्हणजे निघायचं!"

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. थोड्याच वेळात सायकलमागे दोन चाकांची हातगाडी बांधून झाली. तिच्या मागच्या टोकाला विटा रचल्या होत्या.

"काका, ही घेऊन गवताच्या उतारावरून खाली जाऊन दाखवा. तुम्हाला नाहीच जमायचं!" अँडर्सनं डिवचलं.

"मला?" काकांनी सायकलवर टांग मारली.

सायकलनं वेग घेतला आणि हातगाडी कुत्र्याच्या शेपटीसारखी वळवळू लागली. डावीकडे, उजवीकडे, आणखी जोरात... धाडकन! काका गवतात आडवे!

"आर्न! लागलं का रे?" काकू दारातून ओरडल्या.

"नाही गं! विटा मागे कुणी ठेवल्या?"

"तुम्ही टाकी ठेवलीत तशाच ठेवल्या, काका," ब्रिटा हळूच म्हणाली. "आता पुढे ठेवते."

या वेळी ती स्वतः सायकलवर बसली. हातगाडी सरळ रेषेत तिच्यामागे आली.

काकांचं हसू मावळलं. ते काकूंकडे बघत राहिले. "हायवेवर असं झालं असतं, आणि मार्लिस शेजारी..."

निघणं लांबलं. टाकी आणि बर्फाची पेटी पुढे, गादीखाली आली. मोकळ्या रस्त्यावर काकांनी वेग वाढवून पाहिला. थेंबगाडी जराही डुलली नाही!

तळ्यावर पोचल्यावर काकू ट्रेलरच्या छोट्या दारात पाय सोडून बसल्या. पाण्यावर धुकं उतरत होतं, दूर कुठेतरी पाणपक्षी साद घालत होता. त्यांचे डोळे भरून आले. "किती छान बांधलंस रे, आर्न!"

"बांधलं मी. पण तुला सुखरूप आणलं ते या दोघांनी!" काकांनी दोघांच्या पाठीवर थाप मारली.

"असं? मग आज ही दोघं माझ्याबरोबर गादीवर झोपतील."

"आणि मी?"

"तू बाहेर," काकू म्हणाल्या, "डासांना सुतारकाम शिकव!"