रंगूनचा बुवा

केसरनं त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्या डोक्यावर कावळा बसला होता. अगदी डोक्यावर नाही म्हणा, खोटं कशाला बोला. डोक्यापासून हातभर वरच्या बांबूवर. पण तो तुळतुळीत गोटा आणि त्यावर मान वाकडी करून बघणारा कावळा पाहून केसरच्या हातातली टोपलीच खाली आली.

रेवसच्या धक्क्यापासून कोसभरावरचा तो कोळीवाडा. दिवाळी उलटलेली, पहाटेचा गार मतलई वारा सुटलेला, आणि किनाऱ्यावर वलांड्या घातलेल्या. वलांडी म्हणजे बोंबील वाळवायचा बांबूचा मांडव. बोंबील कधी एकटा टांगत नाहीत. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी बांबूवर टाकायची. बायका म्हणायच्याच, बोंबलालासुद्धा जोडीदार मिळतो, गुणाजीच्या केसरला काही मिळत नाही. केसरला एकोणिसावं सरलं होतं, आणि त्या एकतीस-बत्तीस सालात एकोणीस म्हणजे फारच झालं.

तर तो कावळा. त्यानं जोडीतला एक बोंबील ओढून नेला, दुसरा वाळूत पडला, आणि खाली मांडी घालून बसलेल्या त्या बाप्यानं डोळेसुद्धा उघडले नाहीत.

केसरनं कावळ्याला खडा मारला आणि बाप्याला तोंडाचा पट्टा. बसायला दुसरी जागा नव्हती का, डोळे फुटलेत का, बापाचा माल आहे का... सगळं एका दमात. त्यानं सावकाश डोळे उघडले. मोठे, शांत डोळे. त्यात राग औषधालासुद्धा नव्हता, आणि त्याचीच तिला जास्त चीड आली.

"तीन नेले त्यानं," तो म्हणाला. "ह्यो धरून चार."

"म्हंजे तुना म्हायती व्हतं?"

"ऐकू येत व्हतं ना."

"मंग हाकलला का न्हाय?"

त्यानं जरा विचार केला. "मी बसलो व्हतो," म्हणाला.

इतक्या साधेपणानं म्हणाला की केसरला हसूच फुटलं. ते लपवायला ती वाळूतला बोंबील उचलून झटकत राहिली, गरजेपेक्षा बराच वेळ.

शिवदास त्याचं नाव. वाड्यातल्या नीराबाईचा भाचा, रेवदंड्याकडचा. जहाजावर खलाशी होता, आणि चार वर्षांमागं रंगूनच्या बंदरात तापानं असा फणफणला की जहाज त्याला तिथंच सोडून पुढं गेलं. तिकडच्या फुंग्यांनी, म्हणजे बुद्धाच्या भिक्षूंनी, त्याला मठात नेऊन बरा केला. पुढं तो तिथंच गोदीत काम करत राहिला. शेवटच्या वर्षी मात्र एक पावसाळा त्यानं मुंडण करून, पिवळं वस्त्र नेसून मठात काढला, डोळे मिटून बसायला शिकला, आणि मग वस्त्र परत देऊन घरची आगबोट धरली. तिकडं म्हणे घरोघरचे पुरुष असंच करतात. पावसाळाभर मठात राहायचं, मग घरी येऊन लग्न करायचं, भात लावायचा. कोणाला त्याचं काही वाटत नाही.

आपल्याकडं तसं नाही ना. आपल्याकडं एकदा डोकं भादरून भगव्या-पिवळ्यात शिरला तो गेलाच. कोळीवाड्यानं आठ दिवसांत शिवदासचा बुवा करून टाकला. बायका रडकी पोरं घेऊन अंगाऱ्यासाठी नीराबाईच्या दारात. तो सांगून दमला की मी बुवा नाही. जितकं नाही म्हणे तितकी श्रद्धा वाढे, कारण खरा बुवा कधी हो म्हणतो का? आणि केसरची आई चंद्राबाई तर सगळ्यांच्या पुढं. बुवाला संसारात ओढणाऱ्या घरची होडी समुद्र ठेवत नाही, असं ती लेकीला दिवसातून दोनदा ऐकवायची. लेकीनं काही विचारलेलं नसताना.

केसरनं मात्र त्याला कामाला लावला. माझ्या वलांडीखाली बसायचंच आहे तर कावळे हाकल, म्हणाली. कावळे त्या गोट्याला बिचकू लागले. महिन्याभरात डोक्यावर केस आले, कावळ्यांची भीती गेली, बुवाचा उपयोग संपला. पण तोवर दोघांनाही निमित्ताची गरज उरली नव्हती.

आता केसरचा स्वभाव सांगायला हवा. ही पोरगी कायम पुढच्या घरात. भाकरी थापताना मन अलिबागच्या बाजारात, बाजारात बसली की मन संध्याकाळच्या कालवणात, आणि कालवण ढवळताना उद्याच्या बोंबलांत. रोज एक तरी भाकरी करपायचीच. तिनं एकदा विचारलं, डोळे मिटून करतोस तरी काय? तो म्हणाला, श्वास आत येतो, तो आला असं बघायचं. बाहेर जातो, तो गेला असं बघायचं.

"नि मंग?"

"मंग पुन्हा येतो."

"येवढ्यासाठी रंगूनला गेलास? श्वास काय, म्हशीलापन येतो."

"म्हशीला येतो," शिवदास म्हणाला, "पन म्हस भाकरी करपवत न्हाय."

तिच्या भाकरीची बातमी त्याच्यापर्यंत कशी पोचली, हे तिनं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र हट्टानं त्याच्यासमोर मांडी घालून बसली. दहा श्वास, पैज. दुसऱ्या श्वासाला ती बाजारात होती, चौथ्याला तिथं शेजारी बसणाऱ्या ठमीशी भांडत होती, सहाव्याला भांडण जिंकून घरी निघाली होती. तिनं प्रामाणिकपणे सगळं सांगितलं. तो मनापासून हसला. भांडतेयस हे तुला कळलं ना, मग झालं, म्हणाला; स्वतःला रागवायचं नाही, नुसतं माघारी यायचं.

ती रोज माघारी येऊ लागली. आणि एका सकाळी गंमतच झाली. हातातला ओला बोंबील तिला एकदम जाणवला, गार, बुळबुळीत, जणू आजवर कधी हातात घेतलाच नव्हता. पाण्यावर ऊन चढत होतं. वाऱ्याला खाऱ्या मासळीचा तोच रोजचा वास होता आणि तो तिला चक्क आवडला. शेजारी शिवदासचा श्वास ऐकू येत होता... आत, बाहेर. तिला वाटलं, हे असंच राहावं, आपल्याला कुठ्ठं जायचं नाही. त्या दिवशी एकही भाकरी करपली नाही. चंद्राबाईनं घाबरून लेकीची मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली.

केसरला तो आवडत होता, हे आता सरळच सांगते. इतका आवडत होता की त्याचं नाव निघालं की ती उगीच पदर सारखा करी. त्याला ती आवडते का, एवढंच कळायचं राहिलं होतं. आणि तिकडं थळच्या सदाचं स्थळ चंद्राबाईनं धरून ठेवलेलं. घरची होडी, गडगडाटी हसणं, माणूस वाईट नव्हता. केसर आज-उद्या करत होती.

बसणं संपलं की शिवदास तोंडातल्या तोंडात काही पुटपुटायचा. मोठ्यानं म्हण, असा तिनं एकदा धोशा लावला. फुंगीनं शिकवलेलं होतं ते. सगळ्यांचं सुख चिंतायचं, नावानिशी. आधी स्वतःचं, मग आपल्या माणसांचं, मग ना जवळच्या ना लांबच्यांचं, आणि शेवटी ज्याचा राग येतो त्याचं. डोळे मिटून तो म्हणू लागला. मी सुखी राहो. आत्या सुखी राहो. गुणाजीकाका सुखी राहो. चंद्राबाई सुखी राहो. ठमी, धक्क्यावरचा शिवराळ मुकादम, थळचा सदा, सगळे सुखी राहोत. शेवटी कावळासुद्धा सुखी राहो.

केसर कानात प्राण आणून थांबली होती. त्यानं डोळे उघडले.

"संपलं?"

"संपलं."

"कोनी राहिलं न्हाय ना?"

तो पाण्याकडं बघू लागला. त्याचे कान तांबडे झाले. "राहिलं... पन त्या मानसाला मी घेत न्हाय."

केसर तशीच उठली. टोपली उचलली आणि घरी आली. चुलीचा धूर डोळ्यांत गेला असं तिनं आईला सांगितलं, आणि चूल तर अजून पेटायची होती. मुकादमाला जागा, कावळ्याला जागा, आणि मला नाही! रोज समोर बसते तिला ह्यानं ठरवून बाहेर ठेवलं. म्हणजे आई म्हणते तेच खरं, हा बुवाच, मोहाचा धागा तोडतोय. तोड म्हणावं. त्याच रात्री जेवताना तिनं सदाच्या स्थळाला हो म्हणून टाकलं.

येत्या रविवारी सुपारी फुटायची ठरली. केसर वलांडीवर उन्हं चढल्यावर जाऊ लागली, शिवदास उठून गेलेला असे तेव्हा. त्या दिवसांत तिचा एक बोंबील गेला नाही. म्हणजे कोणीतरी कावळे हाकलत होतं. पण तिनं त्याचा विचार करायचा नाही असं ठरवलं होतं, आणि दिवसभर तेवढाच करत होती.

रविवारी थळची दहा माणसं ओटीवर बसली. मध्ये तबकात नारळ आणि सुपारी. आणि चंद्राबाईच्या डोक्यातून निघालं की घरचा बुवा असताना जोडप्याला त्याचा आशीर्वाद घेतल्यावाचून सुपारी फोडायची कशी? नीराबाई भाच्याला हाताला धरून घेऊन आली. केसर हिरवं लुगडं नेसून खाली मान घालून बसली होती. तिला फक्त त्याची पावलं दिसली. बोटांना वाळू लागली होती.

त्यानं हात जोडले, डोळे मिटले. सदा सुखी राहो, म्हणाला. त्याची होडी सुखरूप परत येवो, त्याच्या मनाला ताप न होवो. अगदी मनापासून म्हणाला. केसरला त्याचा आवाज आता ओळखता येत होता. तिला त्या क्षणी त्याचं मुस्काट फोडावंसं वाटलं.

"आता केसर," चंद्राबाई म्हणाली.

"केसर..." शिवदास म्हणाला आणि थांबला.

ओटी थांबली. चंद्राबाईनं कोपरानं ढोसलं. त्यानं पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा मिटलं.

"मना जमत न्हाय," तो म्हणाला.

गुणाजी दिवसाला चार शब्द बोलणारा माणूस. त्यानं पहिला शब्द खर्च केला. "का?"

शिवदासनं डोळे उघडले. पळून जायला वाट होती, तो गेला नाही. "फुंगीनं सांगून ठेवलंय, काका. सगळ्यांना घे, वैऱ्यालापन घे. पन जिच्यावर जीव जडलाय तिचं नाव घेऊ नको. तिचं नाव घेतलं की आशीर्वाद राहतो बाजूला, नि आपल्यासाठी मागनंच सुरू व्हतं." त्यानं जोडलेले हात सोडले. "दोन महिने बघतोय. त्याचं खरं हाय."

थळच्या म्हाताऱ्यानं टोपी सारखी केली. चंद्राबाईचा हात तोंडावर गेला तो तिथंच राहिला. आणि केसर... तिला बाहेर ठेवली होती ती ह्यासाठी! दोन महिने रोज सकाळी हा माणूस तिच्या नावापाशी येऊन अडत होता, आणि ती चुलीपाशी रडत बसली होती.

"चंद्रे," गुणाजी म्हणाला, "ह्यो बुवा न्हाय. बुवाला काय, त्यानं कुनालापन आशीर्वाद दिला असता."

आता सगळे सदाकडं बघू लागले. सदा उठला, तबकातली सुपारी उचलून बोटांत फिरवली आणि परत ठेवली. सुपारी अजून अख्खी आहे, म्हणाला, तेव्हा कोणाचा शब्द मोडला नाही आणि कोणाची अब्रू गेली नाही. मग थोडं हसला, नेहमीसारखं गडगडाटी नाही, आणि केसरला म्हणाला, तूच काय ते सांग.

केसरचं मन जन्मभर पुढं पळालं होतं. आज पळायला जागाही खूप होती. थळची माणसं काय म्हणतील, ठमी काय म्हणेल, आई किती दिवस अबोला धरेल. पण ते कुठं गेलं नाही. त्या भरल्या ओटीवर, हिरव्या लुगड्यात, ती जिथं होती तिथंच होतं. श्वास आत आला, तो आलेला तिला कळला. तिनं मान वर करून शिवदासकडं बघितलं. त्याचे कान तांबडेलाल झाले होते.

"मागनं काय व्हतं, ते बोल," ती म्हणाली. "समद्यांसमोर."

"तू," शिवदास म्हणाला.

केसर बापाकडं वळली.

"बा, मना आशीर्वाद नको. मना ह्योच पायजे."

गुणाजी उठला. त्यानं तबक उचललं आणि शिवदाससमोर ठेवलं.