कोपऱ्यातला चौकोन

शिकताना आनंद वाटला की शिकलेलं मनात मुरतं, हे शिक्षणशास्त्राचं त्रिकालाबाधित सत्य आहे. आरोंद्याच्या जेटीवर ते साधारण दीड महिना टिकलं.

विश्वेश आणि ऋता यांची गाठ घालून दिली ती मोबाइलच्या रेंजनं. गावात एक दांडी, जेटीवरच्या शेडमध्ये चार. ग्रंथालयशास्त्राच्या ऑनलाइन वर्गासाठी विश्वेश तिथे पोचला, तर एकुलत्या बाकावर एक वेणी, एक फोन आणि तोच वर्ग आधीच बसलेला.

"मगे मी खंय बसू?"

"पाठी," ऋता म्हणाली. "जागा मोप आसा."

तो तिच्या पाठीमागच्या पायरीवर टेकला. खाडीवरून खारा वारा आला, तिनं एक बट पेन्सिलीनं कानामागे सारली... आणि वर्ग सुरू होईपर्यंत विश्वेश प्रेमात पडून मोकळा झाला होता.

अडचण एकच — ती हसायची. पुस्तकांचं दशांश वर्गीकरण ऐकून आजवर कोणी हसल्याची नोंद नाही. पण मितेश सर गंभीरपणे म्हणत, "मासेमारी, सहाशे एकोणचाळीस पूर्णांक दोन," आणि ऋताचे खांदे गदगदत. पाठीमागून गालाची जेमतेम कडा दिसे. तीही लाल.

"तुका ह्यात हसाक काय गावता गो?"

"माका वर्ग आवडता."

"वर्ग... की सर?"

"सर पण बरे आसत," ती म्हणाली आणि वेणी पुढे घेतली.

त्या दिवसापासून विश्वेशला जेवण गोड लागेना. मितेश सर पुण्याचे होते, त्यांना कोरलेली दाढी होती. त्यानं सरांचा चौकोन मोठा केला, बाकी सगळे पडद्यावरून हाकलले आणि पहारा सुरू केला. कुठलं वाक्य ऋतासाठी, हे पकडायला तो सरांचा शब्दन् शब्द वहीत उतरवू लागला. तीन वह्या भरल्या. मधूनमधून तो सरांना वेडावत त्यांच्यासारखी दाढी कुरवाळी, मान तिरकी करी, जीभ बाहेर काढी. त्याच्या फोनचा कॅमेरा फुटलेला होता, त्यामुळे आपण कोणाला दिसत नाही याबद्दल तो निर्धास्त होता.

शेवटच्या दिवशी सरांनी विचारलं, कोर्स किती आनंददायी वाटला? ऋतानं पाच तारे दिले. वर लिहिलं, 'हा वर्ग संपूच नये असं वाटतं.'

विश्वेशनं वही फाडकन मिटली. "आता जा पुण्याक!"

"कित्याक?"

"सरांकडे! वर्ग संपाक नको ना तुका?"

ऋता वळली. दीड महिन्यात पहिल्यांदाच तिचा अख्खा चेहरा त्याच्यासमोर होता. "तू माझो चौकोन कधी बघलसच नाय?"

"माझी नजर सरांवर होती."

तिनं फोन पुढे केला. फोटोत वर्ग होता आणि कोपऱ्यात तिचा चौकोन. त्यात तिचा अर्धा चेहरा, आणि तिच्या खांद्यावरून... नसलेली दाढी कुरवाळत, जीभ काढून बसलेला संपूर्ण विश्वेश.

"रोज?"

"रोज. तासभर."

"आणि बाकीच्यांनी—"

"सगळ्यांनी बघल्यानी. नागपूरची प्राजक्ता तर माका इचारी, आज तो उशिरा येतलो काय म्हणान."

विश्वेशनं खाडीकडे पाहिलं. ओहोटी होती. उडी मारली असती तर चिखलात बसावं लागलं असतं.

"सांगलस कित्याक नाय?"

"सांगलंय असता तर तू शाण्यासारखो बसलो असतस." ती थांबली. पेन्सिल उगाच फिरवली. "मगे मी काय बघतलंय? सरांची दाढी?"

"म्हणजे..."

"म्हणजे सर बरे आसत रे," ऋता बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेत म्हणाली, "पण माका पाठलोच आवडता."

तो तिच्या शेजारी बसला. वर्ग संपला होता, चारही दांड्या रिकाम्या होत्या, आणि कितीतरी वेळ कोणीच रेंज वापरली नाही.

महिन्याभरानं निकाल लागला. विश्वेशला ब्याऐंशी टक्के मिळाले. ऋता वर्गीकरणात नापास झाली.